जाळीवरचं कुंकू

इंदापूरच्या एसटी स्टँडामागं विनयाचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, राहत्या घराच्याच पुढच्या खोलीत. तालुक्यातली निम्मी लग्नं आधी या दुकानात लागतात आणि मग मांडवात, असं लोक गमतीनं म्हणतात.

घटस्थापनेआधी घराची झाडलोट निघाली आणि माळ्यावरून जुना छोटा कॉम्प्युटर खाली आला. काळा, लाडवाच्या डब्याएवढा. भंगारवाला म्हस्कू टेम्पो लावून दारात उभाच होता.

"वैनी, द्या की. त्येच्यात आता काय ऱ्हायलंय?"

"थांब जरा. आतलं कामाचं काढून घेते," विनया म्हणाली. साधा स्क्रूसुद्धा फुकट सोडायचा नाही, हा तिचा बाणा.

डबा मांडीवर घेतला आणि तिला ते दिवस आठवले. तेव्हा दुकानात दोन खुर्च्या आणि एक स्टूल. स्टुलावर सासूबाई, कुशाबाई. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या कानावर घातल्याशिवाय एकही पत्रिका छपाईला गेली नाही. विनया वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. तालुक्यातली सगळी नातीगोती त्यांना तोंडपाठ.

"थांब. थोरल्या चुलत्याचं नाव कुठं हाय? आगं, त्यो रुसला तर जेवणावळ कोण सांभाळंल?"

काटेवाडीच्या एका पत्रिकेत धाकट्या मामाचं नाव थोरल्याच्या आधी पडलं होतं. वरबापाच्याही ध्यानात आलं नव्हतं, कुशाबाईंनी ऐकताक्षणी पकडलं. सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघी मात्र एका बशीतला चहा प्यायच्या.

खंडेनवमीला कुशाबाई विळा, खुरपं, शिलाई मशीन आणि हा कॉम्प्युटर अशी पूजा मांडायच्या. मशीनला कपाळ कुठलं? म्हणून कुंकू हवेच्या जाळीवर. अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी ऐन लग्नसराईत कॉम्प्युटरनं मान टाकली. दुरुस्तीवाला तो घेऊन गेला आणि चार दिवसांनी परत आणून म्हणाला, "उघडून बघितलं ताई. आत सगळं कुंकू भरलंय, बोर्ड जळाला. नवा घ्या."

दुकानात दहा माणसं बसली होती. त्यांच्यादेखत विनया कडाडली, "आत्याबाई, तुमच्या कुंकवानं माझा धंदा बुडवला!"

कुशाबाई उठल्या आणि आत गेल्या. त्याला चौदा वर्षं झाली. घरात बोलणं-चालणं, स्वयंपाक-पाणी सगळं नीट होतं. फक्त त्यांनी दुकानाचा उंबरा ओलांडला नाही, आणि पुन्हा कुठल्या मशीनला कुंकूही लावलं नाही. विनयानं पुढच्याच वर्षी बारामतीला जाऊन हार्डवेअरचा कोर्स केला, म्हणजे परत कुणापुढं हात पसरायला नको.

आज मांडीवरच्या डब्याच्या मागच्या स्क्रूवर कंपनीचं गोल कागदी सील होतं. पेचकसाचं टोक त्यातून आरपार गेलं. झाकण निघालं. आत धुळीचा थर, एवढासा पंखा आणि हिरवा बोर्ड. तिनं टॉर्च मारला. कुंकू कुठंच नव्हतं. होतं ते बाहेरच्या जाळीवर, धुळीत चिकटून बसलेलं. बोर्डावर वीज साठवणारे दोन कपॅसिटर मात्र फुगून फुटले होते. दोष त्यांचा होता, आणि तो ओळखायला कोर्सच्या पहिल्या आठवड्यातच शिकवतात.

मग तिचं लक्ष पेचकसाकडं गेलं. टोकाला सीलचा तुकडा लटकत होता.

हे सील आत्ता फाटलं. म्हणजे हा डबा आजवर कुणी उघडलाच नव्हता!

विनया उठली. तशीच उघडा डबा घेऊन ती मागच्या अंगणात गेली. कुशाबाई मटकी निवडत बसल्या होत्या.

"आत्याबाई, तुमचं कुंकू आत गेलंच नव्हतं. त्या माणसानं न उघडताच सांगितलं."

कुशाबाईंनी बोर्डावरून बोट फिरवलं. "मग तवाच का न्हाय बघितलंस?"

"तेव्हा मला उघडता येत नव्हतं."

"आन् शिकल्यावर?"

डबा डोक्यावरच्या माळ्यावर होता, पेचकस हातात होता. चौदा वर्षांत एकदाही उघडून बघावासा वाटला नाही, कारण दोष सासूच्या नावावर लावून ती मोकळी झाली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं," म्हणून तिनं पाय धरले.

"ऊठ, मटकी सांडंल," कुशाबाई म्हणाल्या.

खंडेनवमीला अजून बारा दिवस होते. विनयाला तेवढं थांबवेना. म्हस्कूला तिनं रिकाम्या हातानं परत पाठवलं, स्टूल पुसलं, कुशाबाईंना हाताला धरून दुकानात आणलं आणि कुंकवाचा करंडा पुढं केला.

कुशाबाईंनी बोट कुंकवात बुडवलं. नव्या कॉम्प्युटरपाशी नेलं आणि ते तिथंच थांबलं.

"जाळी कुठं हाय ती आधी दाव, पोरी," त्या म्हणाल्या. "तेवढी सोडून लावते."