डोंगराची हौस

उटनूरच्या घाटात परवा आमची बस थांबली आणि खिडकीतून जळक्या क्लचचा करपट वास आत आला. पुढे पाच-सहा मोटारी ऐन वळणावर लावून हौशी मंडळी खाली उतरली होती. डोंगर बघायला आलेली ती माणसं डोंगराकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होती आणि वेफर्सची रिकामी पाकिटं वाऱ्यावर तरंगत दरीत उतरत होती. या जातीच्या लोकांचा मला मनापासून तिटकारा आहे. वय झालं की माणूस क्षमाशील होतो म्हणतात. मी झालो नाही. त्याचं कारण मात्र निव्वळ या मंडळींत नाही.

आमचा हा सीमेवरचा जिल्हा अजून आंध्रात होता तेव्हाची गोष्ट. मुधोळकडचा मी, आमच्या वस्तीतला पहिला शिकलेला, नार्नूरच्या बाजूला एका कचेरीत कारकून झालो होतो. खुर्चीचं मला भारी अप्रूप. तिथे रोजंदारीवर एक शिपाई होता. पन्नाशीचा, बाभळीच्या शेंगेसारखा वाळका. डोंगरावरच्या गोंड वस्तीची, म्हणजे गुड्याची, पत्रं पायथ्याच्या किराणा दुकानात पडून राहत. हा माणूस कचेरी सुटली की ती पिशवीत घालून वर चढे, गोंडीत वाचून दाखवी आणि परत येई. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचं कौतुक करावं असं आम्हा खुर्चीवाल्यांनाही कधी वाटलं नव्हतं.

आश्विनात हैदराबादहून एक साहेब तपासणीला आले, सोबत त्यांचा मेहुणा. तपासणी अर्ध्या तासात उरकली. खरी ओढ डोंगराची होती. गळ्यात दुर्बीण, पायात कोरे करकरीत कॅनव्हासचे बूट. वाट दाखवायला अर्थातच शिपाई, आणि दिमतीला मी. जीपमध्ये बसताना त्यानं मला हळूच विचारलं, "काऊन चढून राह्यले जी हे लोक? वरतं कोनी मेलं का?"

जीप प्रत्येक वळणावर थांबे, मेहुणा "क्या सीनरी है" म्हणे आणि पुढच्या वळणावर ओकारी काढे. रस्ता संपला तिथून आम्ही पायी निघालो. कमरेएवढं गवत वाळून पिवळं झालेलं, कुसळं विजारीत घुसत होती. दुर्बिणीची पेटी आणि फराळाचा डबा शिपायाच्या खांद्यावर. वाटेला दोन फाटे फुटले तिथे तो थांबला.

"बाबू, पिशवीत गुड्यातल्या पोरीचं बोलावनं हाय. मास्तरणीच्या जागेची मुलाखत. उद्या सकाळच्या बसनं निघावं लागते तिले. मी देऊन येतो, तवरिक सायबाले इथंच बसा म्हना."

मी साहेबांना सांगितलं, पण त्यांच्या कपाळावरची आठी बघून निम्मंच सांगितलं. वस्तीवर एक पत्र द्यायचं आहे म्हणालो. मुलाखत गिळून टाकली.

"चिट्ठी कल भी जाएगी," साहेब म्हणाले, "सनसेट नहीं रुकेगा." जणू उद्या सूर्य मावळणारच नव्हता.

शिपायानं पेटी आणि डबा खडकावर नीट ठेवला. "वाट सोडू नका बाबू, नाल्यात उतरू नका," एवढं मला सांगून तो गुड्याच्या वाटेनं निघून गेला. आम्ही अर्थात नाल्यातच उतरलो, कारण साहेबांना जवळची वाट सुचली होती. काटेरी जाळीत अडकलो. मेहुणा दगडावर बसून पाण्यासाठी लहान पोरासारखा रडू लागला. सूर्यास्त झाला, तो कुणी बघितला नाही. संधिप्रकाशात शिपायाची हाक आली. साहेबांचा हात धरून, एकेका दगडावर पाय ठेवायला सांगत त्यानं आम्हाला खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी कागद तयार झाला: वरिष्ठांना जंगलात सोडून पळाला. साक्षीदार म्हणून मी सही केली. नोकरी नवी होती, असं पुढे मी अनेकांना सांगितलं. खरं तर साहेबांनी सहीला स्वतःचं पेन दिलं, याचंच मला भूषण वाटलं होतं.

तो कागद, खालच्या सहीसकट, दाखवून शिपायाला काढून टाकलं. जाताना त्यानं एवढंच विचारलं, "बाबू, सकाळच्या बसमधी पोरगी दिसली का तुमाले?"

दिसली होती.

"मंग झालं."

ती पोरगी पुढे मास्तरीण झाली. बऱ्याच वर्षांनी बाजारहत्नूरच्या बाजारात तो बायकोबरोबर सीताफळं विकताना दिसला. मी नजर चुकवणार तोच त्यानं हाक मारली आणि बायकोला म्हणाला, "हे आपले बाबू. ह्यायची सही लई झकास हाय."

तिनं आदरानं एक पिकलं सीताफळ माझ्या हातावर ठेवलं. मी ते तिथेच उभ्यानं खाल्लं.

काळ सगळं झिजवतो म्हणतात, डोंगरसुद्धा. गुड्यापर्यंत आता डांबरी सडक गेली, पत्रं कुणी लिहीत नाही, ते साहेबही केव्हाच गेले असतील. शिपायाचं ते सहीचं वाक्य मात्र जराही झिजलेलं नाही. त्यात रागाचा लवलेश नव्हता. होती ती थंड, स्वच्छ तुच्छता, आणि तेवढा अधिकार त्यानं आयुष्यभर डोंगर चढून मिळवला होता. घाटातल्या हौशी लोकांकडे बघताना माझ्या मनात येते, ती उसनी.