एका घरात दोन बोडक्या

सतराव्या वर्षी माझ्या डोक्यात पहिली चाई पडली. निजामाचं राज्य होतं. आमचं घर चकलांब्याजवळच्या गावात, शेतीवर जगणारं ब्राह्मणाचं. माझी वेणी थोरल्या जाऊबाई घालायच्या. एका शुक्रवारी न्हाणं झाल्यावर त्यांचा हात मधेच थांबला.

"इथं केस न्हाईत गं," त्या म्हणाल्या.

कानामागं पैशाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती.

किडा लागलाय, असं सगळ्यांचं मत पडलं. कांदा घासला. गुंजेचा लेप लावला, त्यानं कातडी भाजून पाणी सुटलं. बीडच्या हकिमानं तेल दिलं आणि सबुरी ठेवायला सांगितलं. दिवाळीत उशीवर झुपके दिसू लागले. संक्रांतीपर्यंत डोक्यावर काही उरलं नाही, भुवयाही गेल्या.

त्याच साली थोरल्या दिरांच्या गालावर चाई पडली. दाढीची खुंटं एका बाजूला उगवेनाशी झाली. "न्हाव्याचं काम कमी झालं," म्हणून ते हसले. चार महिन्यांत खुंटं परत आली. रोग एकच होता, पण मागच्या जन्मी काय पाप केलंत, असं त्यांना कुणी विचारलं नाही. मला मात्र सासूबाईंनी तोंडावर विचारलं.

आमच्यात विधवेचे केस काढत. त्यामुळं माझ्या डोक्याचा अर्थ बघणाऱ्याला एकच लागायचा. चैत्रात हळदीकुंकवाला बाया जमल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तू आतच बस. लोकांच्या सवाष्णी दचकतात." मी आत बसून कैरीची डाळ वाटली.  यजमानांनी आपलं अंथरूण ओसरीवर नेलं होतं.

कपिलधारच्या धारेखाली न्हालं की डोक्याचे रोग जातात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून श्रावणात बैलगाडीनं तिकडं गेलो. पाण्याच्या मारानं पदर खाली आला. कपाळावरचं कुंकूही धुऊन गेलं होतं. शेजारच्या एका म्हातारीनं मायेनं विचारलं, "लई लहान हाईस गं. मालक कशानं गेले?"

मालक दहा पावलांवर कोरडं धोतर घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी डोंगराकडं बघितलं. मी म्हातारीला म्हणाले, "तापानं." 

पुढं मानमोडीच्या तापाची साथ आली आणि थोरले दीर तीन दिवसांत गेले. दहाव्या दिवशी न्हाव्याला बोलावलं. जाऊबाईंचे केस गुडघ्यापर्यंत होते. मागच्या अंगणात बसवलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "तू म्होरं बस. मी तुझ्याकडं बघते."

न्हावी त्यांच्या ओळखीचा, म्हातारा. "माय, हालू नका," एवढंच म्हणाला. वस्तरा डोक्यावरून फिरताना त्या माझ्या डोक्याकडं बघत होत्या. मी रडत होते. पण त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते आजवर कुणाला सांगितलं नाही. आता घरात मी एकटी नाही, असं आलं. बरं वाटलं मला. त्यांच्या दुःखाचा मला आधार झाला.

त्या दिवसापासून आम्ही दोघी स्वयंपाकघरामागच्या खोलीत निजू लागलो. कधी दिरांचा विषय निघायचा, कधी नुसत्या पडून राहायचो. दोन वर्षं अशी गेली.

मग माझ्या टाळूवर लव आली. आधी पांढरी, लहान बाळासारखी, मग काळी. सासूबाईंनी साखर वाटली. यजमानांनी माझं अंथरूण माजघरात हलवायला सांगितलं. केस खांद्याला लागले तसं मी फणी घेऊन सवयीनं जाऊबाईंपुढं बसले. त्यांनी फणी हातात घेतली आणि खाली ठेवली.

"तुझे येत नव्हते म्हणून घर रडलं," त्या हळू म्हणाल्या. "माझे येतात म्हणून न्हावी येतो. मला न्हाई जमायचं बाई."

मी उठले. त्या चैत्रात सासूबाईंनी मला पाटावर बसवून ओटी भरली. जाऊबाई आत होत्या. त्यांना बाहेर बोलवा, असं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. आत बसणं काय असतं ते त्या सगळ्या बायांत मला एकटीला माहीत होतं. मी खाली मान घालून ओटी घेतली.

जाऊबाई आणखी नऊ वर्षं जगल्या. दर पंधरा दिवसांनी न्हावी यायचा. शेवटच्या आजारात महिनाभर तो आला नाही आणि त्यांच्या डोक्यावर पेरभर केस वाढले, निम्मे पांढरे. त्या शुद्धीत नव्हत्या. मी ओल्या फडक्यानं त्यांचं कपाळ पुसत होते, तेव्हा सासूबाई दारातून म्हणाल्या, "ती जाण्याआधी न्हाव्याला निरोप धाडायला पायजे."

न्हाव्याला बोलवायला मीच गेले.