टुनीचा स्वच्छ दंड

टुनीच्या दंडावर काहीच नव्हतं. मी दोन्ही बाह्या वर करून पाहिलं. व्रण नाही, खपली नाही, साधा डागही नाही. तीन वर्षांची पोर तापाने फणफणली होती आणि कपाळावर बारीक पुरळ दिसायला लागलं होतं.

"टीका तर दिली होती ना, दिदी?" तिची आई शेफाली म्हणाली. "तुमच्यासमोरच दिली."

दिली होती. देवीची लस, जिला बंगालीत टीका म्हणतात, माझ्यासमोरच टोचली होती. म्हणून तर मला काही कळेना.

फाळणीनंतर कलकत्त्याबाहेर डमडमकडे निर्वासितांच्या ज्या वसाहती उठल्या, त्यांतली ही एक. मी तिथे हेल्थ व्हिजिटर होते. म्हणजे डॉक्टर नव्हे. घरोघर जाऊन लोकांना आरोग्याच्या गोष्टी शिकवणारी बाई. जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे बंगाली चांगलं यायचं, आणि बोलायची हौस दांडगी. आई म्हणायची, "हिला पगार नाही दिला तरी ही बोलेल."

वसाहतीत देवी टोचून घ्यायला कोणी तयार नव्हतं. या रोगाला तिथे 'मायेर दया' म्हणत, म्हणजे देवीआईची कृपा. कृपेला सुई कशी लावायची? मी कितीतरी दिवस चित्रं दाखवत, समजावत फिरले. शेफाली नेहमी पुढे बसायची, टुनीला मांडीवर घेऊन. पाणी उकळून प्या म्हटलं, की त्याच संध्याकाळी तिच्या चुलीवर पाणी चढलेलं असायचं. टोचणीच्या दिवशी बाकीच्या बायका घुटमळत होत्या, तेव्हा तिनेच टुनीला पुढे केलं. मग रांग लागली.

मला आभाळ ठेंगणं झालं. एवढ्या बायका पुन्हा एकत्र कधी मिळणार, म्हणून रांगेपुढेच मी आणखी एक भाषण ठोकलं, स्वच्छतेचं.

"खरचटलं, रक्त आलं, की काय करायचं?"

"साबणाने धुवायचं!"

तीनदा म्हणवून घेतलं.

आता टोचणं म्हणजे काय ते सांगते. दंडावर लसीचा थेंब ठेवून कातडी ओरखडतात. तो थेंब तिथेच वाळू द्यायचा. आठवड्याभरात फोड येतो, मग खपली, मग व्रण. व्रण उठला तर लस लागली. नाही उठला तर पुन्हा टोचायचं. 'वाळू द्या, धुऊ नका' हे सांगायचं काम माझं होतं. भाषणाच्या भरात ते राहून गेलं.

तरी आठव्या दिवशीच्या तपासणीत ते लक्षात आलं असतं. पण आमचे साहेब, डॉक्टर घोष, म्हणाले, "शहराच्या दक्षिणेला, बेहालाला देवीच्या केसेस निघाल्यात. आधी तिकडे जा. इथलं चेकिंग नंतर."

"सर, ही पहिल्यांदाच टोचलेली मुलं आहेत."

"नंतर म्हटलं ना!"

मी "यस सर" म्हणून बेहालाला गेले. परत आले ती जवळजवळ महिन्याने, आणि आले ती थेट टुनीच्या खाटेपाशी.

"शेफाली, टोचल्यावर घरी येऊन काय केलंस?"

"धुतलं, दिदी. लगेच. मुद्दाम नवा साबण आणून ठेवला होता." सांगताना तिच्या आवाजात अजूनही शहाण्या विद्यार्थिनीचा उत्साह होता. मी शेजारच्या घरांतल्या मुलांच्या बाह्या वर करून पाहिल्या.

इतर मुलांच्या दंडांवर ठसठशीत व्रण होते. त्यांच्या आयांनी माझं भाषण या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं.

टुनीला हॉस्पिटलात हलवलं. नवव्या दिवशी ती गेली.

घोषसाहेब म्हणाले, "रिपोर्टमध्ये 'लस लागली नाही' एवढंच लिहा. त्या बाईला काही सांगू नका. बोभाटा झाला तर पुन्हा कोणी हात पुढे करणार नाही."

त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. पण बोभाटा आधीच झाला होता. शेफालीने मुलीला टीका दिली म्हणून देवीआई कोपली, असं वसाहत म्हणत होती. शेफालीही तसंच मानायला लागली होती. माझ्यावर विश्वास ठेवल्याचं पाप आपल्या हातून घडलं, असं समजून ती बाई जन्म काढणार होती. ते मला सोसवेना.

मी दुपारी तिच्याकडे गेले. उंबऱ्यापाशी बसून सगळं सांगितलं. साबण, राहून गेलेलं वाक्य, न झालेली तपासणी.

"चूक माझी आहे, शेफाली. तुझी नाही. देवीचीही नाही."

ती दोन्ही हात पुढे धरून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "पण दिदी, हात तर माझेच होते ना."

मी तिच्यापुढे बसून रडले, एवढंच.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली. टोचणीच्या दिवशी साबणाचा विषय काढायचा नाही, असा कानाला खडा लावला. टोचून झालेल्या प्रत्येक आईला थांबवून मी विचारायची, "आता घरी जाऊन काय करणार?" 'धुणार नाही' हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला सोडत नसे. मागे रांग खोळंबायची, टोचणारा व्हॅक्सिनेटर वैतागायचा. न ऐकणाऱ्या बायकांची काळजी आमच्या खात्यात सगळेच करायचे. ऐकणाऱ्या बाईची काळजी करायला मी शिकले, पण टुनी गेल्यावर.