पदराच्या गाठीतली गोळी

“मायग्रेन डोकं चालवणाऱ्यांना होतो. तुझ्या आईला काम चुकवायचंय.”

आळेफाट्याच्या दवाखान्यात, बाकावरच्या सगळ्या पेशंटांसमोर डॉक्टर हे बोलले. आई डावा डोळा पदराने झाकून भिंतीला टेकली होती. लोक हसले. मीही हसले. मी तिथंच झाडलोट करायचे, मालकासमोर तोंड वाकडं करायची सोय नव्हती. त्या हसण्याची लाज अजून जात नाही. कंपाउंडरने नेहमीच्या पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली.

आई कांदा निवडायला जाते. तिथल्या बहुतेक बायकांच्या पदराच्या गाठीत गोळी असते. सकाळच्या चहाबरोबर एक, डोकं दुखो न दुखो. त्याशिवाय दिवसभर खाली मान घालून बसवतच नाही.

डॉक्टरांच्या खुर्चीमागे काचेच्या कपाटात जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. त्यांची धूळ मीच पुसायचे. माझं इंग्रजी बारावीपुरतं, तेही तोडकंमोडकं. डॉक्टर यायच्या आधी एखादं वाक्य तळहातावर उतरवायचं आणि घरी डिक्शनरीत शब्द शोधायचे. मायग्रेनच्या एका पानाला महिना गेला. उलट्या. उजेड नकोसा होणं. अर्धं डोकं ठणकणं. त्या पानावर माझी आईच होती. बायकांना जास्त होतं, असं लिहिलं होतं. कुठल्या बायकांना, ते नव्हतं.

पुढचं वाक्य मी डिक्शनरीत दोनदा तपासलं. दुखण्यावरची गोळी रोज रोज घेतली, तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाक्य उतरवत होते, तेवढ्यात डॉक्टर आले.

“संडास धुतलेल्या हातांनी? पुस्तक पुसायचं. उघडायचं नाही.”

मी पुस्तक मिटलं नाही. उघडंच त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि वर सोबत आणलेली आईची पुडी ठेवली.

“ह्याच गोळ्यांनी आईचं डोकं दुखतंय. इथं लिहिलंय.”

त्यांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही. “उद्यापासून येऊ नकोस.”

घरी मी आईच्या गोळ्या बंद केल्या. दुखणं दुपटीने वाढलं. असं का होतं, पुढे काय करायचं, हे पुस्तकात असणारच. पण माझं वाचन त्या टेबलावरच तुटलं होतं. आई तीन दिवस ओकत होती.

“एक दे गं. लई दुखतंय. तुझ्या त्या पुस्तकापायी मी मरायची.”

मी बरोबर की चूक, हे सांगायला कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी मीच शेजारणीकडून गोळी मागून आणली आणि आईच्या तोंडात घातली.

उद्या पहिल्या एसटीने तिला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेतेय. कधी दुखलं, किती गोळ्या खाल्ल्या, कधीपासून, सगळं वहीत लिहिलंय. तिथले डॉक्टर विचारतील, डॉक्टर तू का मी? विचारू देत. वही उघडून समोर धरीन आणि त्यांचं शेवटचं पान वाचून होईपर्यंत उठणार नाही. लोक हसतील कदाचित. या वेळी मी त्यांच्यात नसेन.