काचेखालचं आबांचं घड्याळ

आमच्या उधन्याच्या घरात देव्हाऱ्याखालोखाल मान आहे तो माझ्या काचेच्या कपाटाला. त्यात जुन्या घड्याळांची पोटं मांडून ठेवली आहेत. घड्याळाच्या आतल्या यंत्राला दुरुस्तीवाले नुसतं मशीन म्हणतात. शनिवारी बाजाराच्या भंगारातून मी ती वेचून आणते, पेट्रोलमध्ये धुते, सुईच्या टोकानं तेल लावते आणि काचेच्या झाकणाखाली उघडीच चालू ठेवते. काटे नाहीत, तबकडी नाही, नुसती फिरणारी चाकं. हौसेला मोल नसतं. आईचं मात्र म्हणणं, "घरमा येक बी घड्याय टाईम दावत नही, आन् हाई आखो लई उनी." ही आणखी एक घेऊन आली, ही तिची तक्रार.

आबांनाही, माझ्या वडिलांनाही, हा रिकामटेकडा उद्योग वाटायचा. घड्याळ मनगटावर शोभतं, असं त्यांचं मत. त्यांचा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागांच्या कारखान्यात, गेला आणि मनगटावर कायम लग्नातलं चावीचं घड्याळ. रोज सकाळी चावी द्यायची, कानाशी धरून ऐकायचं, मगच चहा. या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी ते कानाशी धरलं आणि मला मूठ आवळून दाखवली. लूमच्या धडधडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. आवळलेली मूठ म्हणजे मशीन बंद, हलता पंजा म्हणजे चालू. आमच्या घरात निम्मं बोलणं असंच चालतं, भांडणंसुद्धा.

मी हात लावायच्या आत त्यांनी स्वतःच इलाज केला. मागचं झाकण उघडून लूमचं तेल ओतलं, तेही सढळ हातानं. लूमला मानवतं ते घड्याळाला बाधतं. तेलात बुडून ते खरोखरच थांबलं. माझं टाळकं सटकलं. भजी तळायला घेतलीत का, म्हणून मी ओरडले.

"कोरडं पडेल व्हतं," आबा शांतपणे म्हणाले.

एक आख्खा रविवार घालवून मी ते धुऊन पुसून जोडलं. टिकटिक खणखणीत. आबांनी कानाशी धरलं आणि मूठ आवळली. आईनं ऐकलं, चालू असल्याचं सांगितलं. आबांची पुन्हा मूठ.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घड्याळ पहिल्या सकाळीही चालूच होतं. हाक मारली तरी ते वळत नाहीत, याला आम्ही हट्टीपणा म्हणत होतो.

"मरी गयं. भंगारमा दई दे," म्हणत आबांनी घड्याळ माझ्या हातात ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनाही कळलं होतं, फक्त ते बोलून दाखवायचं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मी त्याची तबकडी उतरवली, डोलणारं चाक वर येईल असं मशीन काचेखाली बसवलं, चावी दिली आणि आबांच्या चहाच्या बशीशेजारी ठेवलं.

आबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे डोलत होतं. चहावर साय धरली. मग त्यांनी आईकडे बघत पंजा उचलला आणि त्या चाकाच्या तालावर हलवला. आईनं चहा पुन्हा गरम करून आणला, तरी पंजा हलतच होता.