आईचं माहेरचं नाव

आईचं माहेरचं नाव धोंडी. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून हिचं नाव दगडाचं ठेवलं. दगड कोण उचलून नेणार? लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने दुसरं, गोड नाव लिहिलं आणि आई सुटली. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत जुनं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा मी शेजारणीसमोर ते बोलून गेले, तर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मला तो सगळा अडाणीपणा वाटायचा. नावाला फसायला मरण काय खुळं आहे?

माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. हॉस्पिटलात तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आईला आत सोडलं, तेव्हा ती पेटीच्या गोल खिडकीशी वाकून, बारशाला आत्या सांगते तसं, काहीतरी पुटपुटली.

"काय सांगितलंस गं?"

"माझं नाव दिलं तिला. घरी आली की तुम्हाला हवं ते ठेवा."

बारशाला आत्याने आम्ही निवडलेलं नाव कानात सांगितलं. मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिला ताप चढला की मी खोलीचं दार लावून घेते आणि तिला धोंडे म्हणून हाक मारते.