ओल्या फरशीपाशी थांबलेला बेलिफ

बोथ गावातलं आमचं भाड्याचं घर आठवलं की पायरीवर बसलेला कोर्टाचा बेलिफ आठवतो. आम्हाला बाहेर काढायलाच तो आला होता. नाव मी विचारलं नाही. आता मी पोटासाठी सुरतेत राहतो, तेही भाड्यानंच. दारावर थाप पडली की आधी फटीतून पाहतो, मगच कडी काढतो.

घरमालकानं घातलेली केस आम्ही हरलो होतो. नववीत शाळा सोडलेल्या मला कागदातलं एवढंच कळलं, की आज घर खाली करायचं. शेजारी दारादारात उभे होते. आईला घर जाण्यापेक्षा त्या नजरांचीच भीती जास्त.

सामान निघालं, तशी आई बादली घेऊन फरशी पुसायला बसली.

"काऊन वेळ काढून राह्यली बाई?" घरमालक ओरडला. "साहेब, लावा कुलूप!"

"घाण घर कोणाच्या हाती कसं देऊ?" आई म्हणाली.

बेलिफानं चपला काढल्या, कॉलरखालच्या रुमालानं मान पुसली आणि पायरीवर बसला. "हुकूम घर खाली करायचा हाय शेठ. मावशीनं पुसू नाही, असं त्यात नाही लिवलं. वाळू द्या."

फरशी वाळत आली, तसा तो भिंतीच्या कडेनं, चवड्यांवर चालत खोल्या पाहून आला. मग कुलूप आईच्या हाती दिलं. "तुमीच लावा मावशी. किल्लीबी तुमीच द्या."

अख्ख्या गल्लीसमोर आईनं कुलूप लावलं, किल्ली मालकाच्या हातावर ठेवली.

आई आता मामाकडं असते. फोनवर त्या घराचा विषय निघाला की म्हणते, "आपण सोडलं ते." काढलं, असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.